आधी उसवायला शिकव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पुण्यात दर शनिवारी कोगिनचा, म्हणजे धागे मोजून करायच्या जपानी भरतकामाचा वर्ग सुरू करते आहेस हे वाचून आनंद झाला. पहिल्या तासाचं टिपण वाचून मात्र जराशी काळजी वाटली. पाऊण तास इतिहास, वाबी-साबी (अपूर्णतेत सौंदर्य पाहणारी जपानी दृष्टी), पडद्यावर चित्रं आणि मग सुई? मीही पहिल्या वर्गात हेच केलं होतं. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगा, पण हातात काहीतरी द्या." तेव्हा सुई आधी दे. हात चालू असले की कानही चालतात.

इतिहास कापडापासून सुरू कर. उत्तर जपानात, कोगिनच्या मुलखात, त्सुगारूच्या थंडीत कापूस होत नाही, आणि 1724 मध्ये तिथल्या राजवटीने शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच मनाई केली. अंगावर असायचं ते भांगेच्या झाडाच्या तंतूंचं, निळीत रंगवलेलं विरळ कापड. पुढे सुती दोरा मिळू लागला तशा बायकांनी त्या विणीतल्या फटी दोऱ्याने भरून काढल्या, वारा अडावा म्हणून. नक्षी त्यातून आली. 1891 मध्ये रेल्वे त्याच बाजूच्या आओमोरी शहराला पोचली, स्वस्त सुती कापड मिळू लागलं आणि हे काम मागे पडत गेलं. हे न विसरता सांग, कारण वर्गात "किती निवांत आयुष्य असेल ना तेव्हा!" असं म्हणणारं कुणीतरी निघतंच.

आणि "ही तर आपली गोधडीच!" असंही कुणीतरी म्हणेल. घाईने मान डोलावू नकोस. थरावर थर ठेवून धावदोरा घालायचा, ते सशिको. तिचं नि गोधडीचं नातं जुळतं. कोगिनला कापड एकच आणि टाका मोजून: एक, तीन, पाच, सात, म्हणजे विषम धागे. शेजारच्या नान्बू भागातल्या हिशिझाशी नावाच्या भरतकामात सम. माझ्या वर्गात एक बाई होत्या, साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या. नुसत्या नजरेने घातलेले त्यांचे टाके पट्टी लावल्यासारखे यायचे. धागे मोजा म्हटलं तर त्यांना तो अपमान वाटला. तिसऱ्या ओळीत चौकट सरकली आणि त्यांनी रुमाल पिशवीत टाकला तो टाकलाच. चूक माझी होती. त्यांना जे येतं ते मी आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना मुद्दाम एक टाका चुकवायला लाव आणि तो उसवायला शिकव. लहान मुलं चूक दाखवत फिरतात. मोठी माणसं ती मांडीखाली लपवतात. कोगिनमध्ये तर एका धाग्याची चूक पुढच्या ओळींत वाढतच जाते.

डोळ्यांचाही विचार कर. निम्म्या वर्गाला चाळिशी असणार. वर्ग सकाळी ठेव. गडद कापडावर पांढरा दोरा दिसायला सुंदर, पण सुरुवातीला फिक्या रंगाची मॅटी, म्हणजे धागे मोजता येतील असं कापड दे, आणि गडद कापडाला हात घातला की मांडीवर पांढरा पंचा पसरायला सांग. खालून भोकं उजळतात. सुई बोथट टोकाची हवी, नाहीतर धागा चिरतो. भरतकामाचा सहापदरी दोरा चमकतो आणि त्याचे पदर सुटतात. कमी पिळाचा, बिनचमकीचा सुती दोरा शोध.

नक्ष्यांची नावं तिकडचीच ठेव. मामेको म्हणजे शेंगेतला छोटा दाणा, हानाको म्हणजे फूल, नेकोमानाकू म्हणजे मांजराचा डोळा. तो 'को' त्सुगारूच्या बोलीतला लाडाचा प्रत्यय आहे, आपल्या 'सोनुल्या'तल्या 'उल्या'सारखा. हे सांगितलं की वर्गातल्या बायका ती नावं कधी विसरत नाहीत, हा माझा अनुभव.

स्वतःला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणवून घेऊ नकोस. इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या घराण्यांत पायऱ्या असतात, प्रमाणपत्रं असतात. इथे तसं कुणी वर बसलेलं नाही, म्हणून कुठून शिकलीस ते पहिल्या तासालाच सांगून टाक. फी मात्र घे. फुकटच्या वर्गाला लोक पाऊस पडला की येत नाहीत.

पहिल्या शनिवारी किती जण आले हे कळवू नकोस. दुसऱ्या शनिवारी किती परत आले ते लिही.

तुझ्या,
बाई