घरच्यांचे फोटो ताठ का येतात

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स वापरूनही आजीचे आणि भावाचे फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखे ताठ येतात, तेव्हा आता ८५ एमएमची लेन्स घ्यावी का. माझ्या मते घेऊ नये. आपल्या कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या साधारण ७५ ते ८० एमएमइतकीच चौकट देते, आणि दीड-दोन मीटरवरून खांद्यापर्यंतचा फोटो काढायला ती उत्तम आहे. फार जवळ गेल्यास नाक मोठे दिसते, तेवढे सांभाळले की लेन्सचा विषय संपला.

खरी अडचण बहुधा अशी असावी की, समोरची व्यक्ती येऊन बसल्यावर आपण सेटिंग जुळवायला घेता, आणि तेवढा वेळ ती गप्प बसून आपला चेहरा कसा दिसत असेल याचाच विचार करत राहते. म्हणून उजेडाचे आणि कॅमेऱ्याचे सगळे काम आजीला बोलावण्याआधी उरकून घ्यावे. थेट ऊन न येणारी खिडकी निवडावी, खुर्ची तिच्यापासून तीन-चार फुटांवर जरा तिरकी ठेवावी आणि ट्यूबलाइट बंद करावी, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला की त्वचेचा रंग बिघडतो. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवून डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका, म्हणजे कॅचलाइट, दिसतो का ते पाहावे. तो नसला की डोळे विझल्यासारखे वाटतात. (गौतम राजाध्यक्ष यांनी काढलेली व्यक्तिचित्रे पाहतानाही आधी हा ठिपका शोधावा, उजेड कुठून आला ते कळते.) अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवायचे ते) एफ २.८, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि फोकस जवळच्या डोळ्यावर, एवढे ठरले की पुन्हा बटणांना हात लावू नये.

कॅनडाचे छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्या क्षणीचा त्यांचा संतापलेला चेहरा टिपला, हा किस्सा आपण ऐकला असेल. तो सांगताना कार्श यांच्या धिटाईचेच कौतुक होते. त्यांनी दिवे आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. मला ती तयारी अधिक महत्त्वाची वाटते. घरात कोणाच्या तोंडचा विडा काढून घेण्याचा प्रयोग मात्र करू नये.

‘जरा हसा’ हे सांगणे आजपासून बंद करावे. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, आणि तो ठरवून हलवणे बहुतेकांना जमत नाही. ड्युशेन या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते. सांगून हसवले की फक्त ओठ ताणले जातात. त्याऐवजी आठवावे लागेल असे काहीतरी नेमके विचारावे. ‘जुने दिवस कसे होते?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर येते. ‘माहेरी पाणी कुठून आणायचात, वाटेत कोणाची घरे लागायची?’ असे विचारले की आजी क्षणभर थांबते, नजर बाजूला जाते, भुवया किंचित उचलल्या जातात, आणि फोटो तेव्हाच घ्यायचा असतो. प्रत्यक्ष बोलताना तोंड वेडेवाकडे येते, म्हणून मधल्या वेळात थांबावे, आणि वाक्य संपून ओठ मिटतात तेव्हा पुन्हा बटण दाबावे. क्लिक झाल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नये. फोटो झाला असे वाटून माणूस सैलावतो, ती दुसरी फ्रेम बरेचदा पहिलीपेक्षा चांगली निघते.

हातांना काम दिल्यास खांदेही आपोआप उतरतात. आजी वाती वळत असेल तर वळू द्यावे. भावाला कॅमेऱ्याचा संकोच जास्त असेल, तर त्याला गाडी पुसायला किंवा क्रिकेटच्या बॅटची ग्रिप बदलायला लावून बाजूने सुरुवात करावी, आणि समोरून फोटो घेण्याची घाई करू नये.

निवड त्याच दिवशी करू नये. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर पाहताना आधी सगळ्या फ्रेम लहान आकारात पाहाव्यात आणि ज्या चेहऱ्यावर नजर थांबते तेवढ्याच बाजूला काढाव्यात. फोकस त्यानंतर तपासावा. हात थोडा हलला असेल, पण डोळे नेमके टिपले गेले असतील, तर ती फ्रेम मी ठेवतो.