भूप आणि देशकार: वहीत वेगळे, कानाला सारखे

प्रश्न: बाई, मी पस्तिशीत गाणं शिकायला लागलो. परीक्षांमध्ये शास्त्राच्या लेखी पेपरला गुण उत्तम पडतात. थाट, वादी-संवादी, गानसमय सगळं तोंडपाठ आहे. पण परवा सकाळच्या मैफलीत गायिकेनं देशकार राग सुरू केला आणि मी शेजारच्या काकांना ठासून सांगितलं, "भूप!" ते हसले. गुरुजी म्हणतात, वही मिटा आणि रियाजाला बसा. मग एवढं शास्त्र शिकलो ते वाया गेलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मैफल सकाळची होती असं तुम्हीच लिहिलंय. अहो, मग नुसतं घड्याळ बघितलं असतंत तरी चाललं असतं! भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. म्हणजे पाठ केलेलंही ऐन वेळी उपयोगी पडलं नाही.

वाया काही गेलेलं नाही. पण पुस्तक इथं कुठवर पुरतं ते बघा. दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. थाट म्हणजे राग ज्यात बसवतात ती सात स्वरांची चौकट. भूप कल्याण थाटातला, देशकार बिलावलातला. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा, म्हणजे 'म'चा, कल्याणात तीव्र आणि बिलावलात शुद्ध. आणि मध्यम तर दोन्ही रागांत वर्ज्य! मग थाट वेगळे कशावरून? माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न दरवर्षी घालते, आणि ते दरवर्षी गप्प बसतात. उरला वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर. भूपात गंधार (ग), देशकारात धैवत (ध). एवढं लिहिलं की पेपरात गुण मिळतात, पण त्यासाठी गळ्यानं काय करायचं ते त्या ओळीत नसतं.

भूपात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताला जाऊन या, 'सा रे ग' असे चढा आणि गंधारावर बसा. रिषभावरही (रे) टेकलात तर हरकत नाही. देशकार वरून खाली येतो. तार षड्जावरून, म्हणजे वरच्या 'सा'वरून, धैवतावर यायचं, धैवत भरपूर लावायचा, मग पंचम. गंधार येतो, पण त्यावर मुक्काम नाही, आणि रिषभाला तर जाता-येता नुसतं शिवायचं. तिथं रेंगाळलात की देशकाराचा भूप झालाच. हे मी आत्ता लिहिलं आणि तुम्ही वाचलंत, पण उद्या गायला बसाल तेव्हा रिषभ तुम्हाला धरून ठेवणारच. गुरुजी टोकतील, पुन्हा गायला लावतील, तेव्हा कुठं तो सुटेल.

मी मिरजेची, तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावची, त्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही. ॲपवरचा तंबोरा बाजूला ठेवा आणि खरा मांडीवर घ्या. पंचम, जोड, खर्ज या तारा सुरात लावा आणि जवारीचा, म्हणजे तारेला झंकार आणणारा, दोरा हळूहळू सरकवत राहा. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. भूपाचा गंधार त्यात मिळवायचा. पेटीचा गंधार त्याहून जरा चढा असतो. वहीत दोन्ही 'शुद्ध ग'च.

शास्त्राला मी नावं ठेवत नाही. पंडित भातखंडे पेशानं वकील. त्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, आणि ऐकलेल्या त्या गाण्यातून दहा थाटांची व्यवस्था लावली. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग उभे राहिले ते असे. तुम्ही मात्र सहाव्या भागाकडून उस्तादांकडे निघालात.

सध्या महिनाभर संध्याकाळी फक्त भूप, तोही आलापच. ताना नकोत. पुढच्या महिन्यात सकाळी देशकार. दोन्ही एका दिवशी गाऊ नका, नव्या गळ्यात मिसळतात. फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि गुरुजींनाही ऐकवा. लेखीची वही परीक्षेआधी पंधरा दिवस काढलीत तरी पुरेल. पाठांतर तुमचं चांगलंच दिसतंय.