रशियन शिल्पं बघायला निघालायस? मग हे वाच

समकालीन रशियन मानवाकृती शिल्पांचं प्रदर्शन पहिल्यांदाच बघतोयस, तर माहितीची पाटी आधी वाचू नकोस. आधी मूर्तीभोवती एक पूर्ण फेरी मार. समोरून फोटो काढून पुढे सरकणाऱ्यांना अर्धं शिल्प दिसतच नाही, पाठ आणि खांदे बरंच काही सांगतात.

जाण्याआधी शिल्पकार मिखाईल शेम्याकिनचा पीटर, म्हणजे रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट, नीट बघून ठेव. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात 1991 साली बसवलेला हा ब्राँझचा पुतळा. खुर्चीत ताठ बसलेला सम्राट, धिप्पाड धड, लांबच लांब बोटं आणि वर एवढंसं टकलं डोकं! लोक खवळले होते. पण तो चेहरा मनाने रचलेला नाही. पीटरच्याच काळातला शिल्पकार रास्त्रेल्ली याने तो हयात असताना त्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन केलेल्या मुखवट्यावरून घेतलाय. म्हणजे प्रमाण बिघडलेलं दिसलं की ‘जमलं नाही’ म्हणून मोकळा होऊ नकोस. ते का बिघडवलंय ते शोध. पर्यटकांच्या हातांनी त्याची बोटं आणि गुडघे पिवळेधमक झालेत, बाकी अंग काळपट. ब्राँझवरचा थर कसा झिजतो ते तिथे आयतं कळतं. (प्रदर्शनात मात्र हात लावायचा नाही, हं.)

सोव्हिएत वळण डोळ्यांसमोर असलेलं बरं. त्यासाठी शिल्पकार व्हेरा मुखिनाचं 1937 चं ‘कामगार आणि कोलखोझ स्त्री’ (कोलखोझ म्हणजे सामूहिक शेत) पुरे. स्टेनलेस स्टील, प्रचंड आकार, सगळं पुढे झेपावणारं. त्यानंतर आजचा शिल्पकार दाशी नमदाकोवचे बुर्यात (सायबेरियातला मंगोल वंशाचा समाज) योद्धे बघ. मला ते कधी कधी जास्तच गुळगुळीत वाटतात, पण घोडे अप्रतिम.