मायकल गेला म्हणून नाही, कागद गेला म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन ‘द ऑफिस’चे सात सीझन आवडीने पाहिले, आठव्याचे चार-पाच भाग बघितले आणि मन लागेना. शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट गेल्यावर यात कथाच उरत नाही का, आणि ऑफिसवरच्या सगळ्याच विनोदी मालिकांचं शेवटी असंच होतं का?

मी ही मालिका तीनदा पाहिली आहे. तिसऱ्यांदा तर मुद्दाम, नेमकं कुठून बिघडलं ते शोधायला. (असले उद्योग करायला वेळ कुठून मिळतो ते विचारू नका.) आधी माझंही मत तुमच्यासारखंच होतं, की २०११ मध्ये मायकलचं काम करणारा स्टीव्ह कॅरेल बाहेर पडला आणि गाडं घसरलं. आता वाटतं, घसरण त्याच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. कॅरेल होता म्हणून ती जाणवली नाही, इतकंच.

सुरुवातीचे सीझन आठवा. ही कागद विकणारी कंपनी आहे आणि कागदाचा धंदा बसत चाललाय. शाखा कधीही बंद होईल, कुणाची नोकरी जाईल, ही धास्ती प्रत्येक विनोदाच्या मागे आहे. पहिल्याच सीझनमध्ये आरोग्य विम्यात काटछाट करायची वेळ येते, मायकल ते काम हाताखालच्या ड्वाइटच्या गळ्यात मारून दिवसभर केबिनमध्ये लपून बसतो. पूर्ण भाग तेवढ्यावर चालतो, कारण ते काम खरं आहे आणि त्याचा फटकाही खरा आहे. पाचव्या सीझनमध्ये मायकल स्वतःची कागद कंपनी काढतो तो भाग तर मला अख्ख्या मालिकेत सरस वाटतो. त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी भाव इतके पाडून ठेवलेले असतात, की गिऱ्हाइकं वाढतात तसतसे ते अधिकच खड्ड्यात जातात. हिशेब समोर मांडला जातो तेव्हा तिघांचे चेहरे पाहा. तिथे हसू येतं, पोटात गोळाही येतो आणि कथा पुढे सरकते, तिन्ही एकाच भावाच्या गणितातून.

मग सहाव्या सीझनमध्ये दोन गोष्टी होतात. ऑफिसातल्या जिम आणि पॅमचं लग्न लागतं, आणि डबघाईला आलेल्या या कंपनीला सेबर नावाची प्रिंटरवाली कंपनी विकत घेते. म्हणजे ‘यांचं जमेल का’ आणि ‘हे ऑफिस टिकेल का’ हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षी निकालात निघाले. त्यानंतर ही माणसं कागद विकतात हे आपण जवळपास विसरतो. कामातून प्रसंग उभे राहायचे थांबतात आणि बाहेरून आणावे लागतात. कुणाची तरी पार्टी, कुणाचं तरी खूळ, कुणीतरी विचित्र पाहुणा. भाग मात्र सीझनला चोवीस-पंचवीस द्यायचेच असतात. मग पाणी घालण्यावाचून इलाज काय?

पात्रांचंही तेच झालं. केविनचं उदाहरण घ्या. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात कळतं, की हा संथ दिसणारा अकाउंटंट पोकरमध्ये मोठं पारितोषिक मिळवलेला खेळाडू आहे (आणि लगेच सहकारी फिलिस त्याला हरवते, ते वेगळं). चौथ्याच्या अखेरीस नव्याने आलेल्या हॉलीला ड्वाइट पटवतो, की केविन मतिमंद आहे. ती बिचारी त्याच्याशी तसं वागते, आणि आपण हसतो ते तिच्या गैरसमजाला. पुढे लेखकांनीच तो गैरसमज खरा मानून केविनला लिहायला घेतलं! शेवटच्या भागात तर हिशेब जुळवायला त्याने स्वतःचा एक आकडाच तयार केला होता असं कळतं. विनोद सुटा घेतला तर चांगला आहे. पण पोकरवाला केविन मधल्या मधे कुठे हरवला?

राहिला मुख्य माणूस जाण्याचा मुद्दा. तो मला तितकासा पटत नाही. बारवरच्या ‘चिअर्स’ या मालिकेत पाच सीझननंतर, १९८७ मध्ये, नायिका डायन गेली, मालिका १९९३ पर्यंत चालली. त्यांनी दुसरी डायन आणली नाही. बारमालक सॅमने बार विकलेला, आणि आता त्याच बारमध्ये तो रिबेकाच्या हाताखाली नोकरीला, असं नातंच उलटवलं. लष्करी इस्पितळावरच्या ‘मॅश’मध्ये फ्रँक बर्न्स हा हास्यास्पद, कच्चा सर्जन गेला आणि त्याच्या जागी विंचेस्टर आला: आढ्यतेखोर, पण हातात कसब असलेला. आता त्याची टर उडवणं सोपं राहिलं नाही, त्यामुळे नायक हॉकाय आणि मंडळींना नव्या बुद्धीने भांडावं लागलं. ‘ऑफिस’ने मात्र विक्रीतल्या अँडीला मॅनेजरच्या खुर्चीत बसवून पातळ केलेला मायकलच करायला घेतला. कंपनीचा नवा बडा साहेब रॉबर्ट कॅलिफोर्निया याच्या रूपात जेम्स स्पेडर काही प्रसंगांत जबरदस्त आहे, पण तो कुठल्या तरी वेगळ्याच मालिकेतून चुकून आल्यासारखा वाटतो.

तेव्हा ‘सगळ्यांचंच असं होतं’ हे काही खरं नाही. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’चा सहा भागांचा पहिला सीझनच सगळ्यात कच्चा आहे. पुढे नायिका लेस्लीचं काम बदलत गेलं, उद्यान खात्यातून ती नगर परिषदेवर गेली, मग राष्ट्रीय उद्यानांकडे, आणि प्रत्येक बदलाने नवी भांडणं दिली. मूळ ब्रिटिश ‘ऑफिस’वाल्यांनी बारा भाग आणि नाताळचा दोन भागांचा शेवट करून २००३ मध्येच दुकान बंद केलं. त्यांना बिघडायला सवडच मिळाली नाही, त्यामुळे त्यांची तुलना काढणं मला थोडं अन्यायाचं वाटतं.

आता तुम्ही काय करावं? आठवा चाळून टाका, काही बुडत नाही. नववा मात्र पाहा (पुढचं थोडं उघड करतोय). मूळ सूत्रधार ग्रेग डॅनियल्स त्या सीझनला परत आला आणि त्याने जिमला पुन्हा काहीतरी हवं असायला लावलं. त्याला फिलाडेल्फियात मित्रांबरोबर कंपनी काढायची आहे, पॅमला आहे तिथेच राहायचंय, आणि मुलांना सांभाळता सांभाळता ती थकली आहे. म्हणजे पुन्हा नोकरी, पुन्हा पैसा, पुन्हा अंतर. अँडी महिनोन्महिने बोटीवर निघून जातो तो सगळा भाग वैतागवाणा आहे, तो सहन करा. मधोमध एक भाग येतो. मुलीच्या नाचाचं चित्रण पॅमकडून फोनवर नीट झालेलं नसतं, आणि त्यावरून जिम फोनवरच तिच्यावर चिडतो. फोन ठेवल्यावर ती रडायला लागते, आणि नऊ वर्षं कॅमेऱ्यामागे गप्प राहिलेला, आवाज टिपणारा माणूस (या ऑफिसवर माहितीपट चालू आहे असंच मालिकेचं रूप आहे) पहिल्यांदा तिच्याशी बोलतो. पुढे त्या माणसाचं लेखकांनी काही धड केलं नाही, ते सोडा. तो भाग संपल्यावर मी पुढचा लगेच लावला नव्हता.