दोनदा का विचारतो

चिऊ,

काल रात्री झोपायला जाताना तू विचारलंस, ‘बाबा, माणूस एकदा नको म्हणाला की पुरे ना? मग तू परत का विचारतोस?’ मी ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून दिवा घालवला. तू अंधारातूनच म्हणालीस, ‘हे उत्तर नाही झालं.’

नाहीच झालं. माझ्या लहानपणी मलाही हेच उत्तर मिळायचं आणि मलाही ते पटायचं नाही. आज रविवार, पहाटेचे साडेपाच वाजलेत, तुम्ही दोघी झोपलायत, म्हणून लिहायला बसलोय. मराठी शाळेत तू आता जोडाक्षरंसुद्धा सरसर वाचतेस, तेव्हा मराठीतच लिहितो. अडलं तर आईला विचार.

कालचा दिवस तसा काहीच न घडलेला. मला असे शनिवार फार आवडतात. सकाळी आपण ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत जाऊन आलो. कणकेचं पोतं, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, कैऱ्या, आईनं सांगितलेलं आणि मी विसरलेलं आणि परत जाऊन आणलेलं जिरं. मग तू लायब्ररीची पुस्तकं परत केलीस. घरी येऊन मी कपड्यांच्या दोन खेपा मशीनला लावल्या, तू मोज्यांच्या जोड्या लावल्यास, आईनं कैऱ्या उकडायला ठेवल्या. दुपारी आपला एसी बंद पडला. बाहेर ९५ डिग्री फॅरनहाइट आणि घरात घामाच्या धारा. दुरुस्तीवाला माणूस तीन वाजता आला.

आता तुझा प्रश्न. तो गृहस्थ मागच्या अंगणात, भर उन्हात, यंत्राशी गुडघे टेकून बसला होता. साठीचा असेल. मी तांब्याभर पाणी आणि ग्लास घेऊन गेलो. तो म्हणाला, ‘आय ॲम गुड.’ त्याच्या गाडीत त्याची स्वतःची बाटली होती, तू ती पाहिलीही होतीस. मी आत आलो, आणि दहा मिनिटांनी कोकम सरबताचा ग्लास घेऊन परत गेलो. तू खिडकीतून बघत होतीस आणि तुझे कान लाल झाले होते. मग संध्याकाळी काका आले. दारातच म्हणाले, ‘वहिनी, चहा नको हं, आत्ताच घेऊन निघालोय.’ आणि आईनं त्यांच्यासमोरच आधण ठेवलं. काकांनी चहा घेतला, वर अर्धा कप मागूनही घेतला. तुला दोन्ही गोष्टी एकसारख्या वाटल्या. त्या तशा नाहीत. पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मराठीत पाणी ‘विचारतात’. बघ, आपण म्हणतो, ‘त्यांनी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.’ एखाद्या घराबद्दल याहून वाईट बोलणं मी तरी ऐकलेलं नाही. जेवण वाईट होतं, घर लहान होतं, याची कुणी तक्रार करत नाही. पाणी विचारलं नाही, ही गोष्ट मात्र माणसं वीस वीस वर्षं मनात ठेवतात. पाणी द्यायला काही लागत नाही, म्हणूनच ते न देणं लागतं.

आणि आमच्याकडे तर पाणी द्यायलाही काही लागायचं. आपलं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सह्याद्री ढग अडवून घेतो, आमच्यापर्यंत वारा तेवढा येतो. १९७२ च्या दुष्काळात तुझी पणजी खडी फोडायच्या कामावर जायची आणि परत येताना लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. तिच्याकडून मी ते कितीदा तरी ऐकलंय. घागर तळाला गेलेली असायची, तरी उन्हातून कुणी दारात आलं की आधी गुळाचा खडा आणि मग पाणी. गूळ यासाठी, की तापलेल्या माणसानं रिकाम्या पोटी गटागटा पाणी पिऊ नये, आधी तोंडात गोड विरघळू द्यावं. येणाऱ्याचं नाव, गाव, काम हे सगळं नंतर. तो पाणी पिऊन टेकेपर्यंत ती बोलायचीच नाही.

माठही तिच्या अंगणातलाच. त्याच्या बाहेरच्या अंगाला हात लावला की ओला लागायचा. मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माणच्या कोरड्या हवेत ते पाणी दाताला झिणझिण्या आणणारं गार व्हायचं. तुझ्या आजोळी, मालवणला, तसं होत नाही. तिथली हवाच इतकी दमट की माठाचं पाणी उडून जायला जागा नाही. म्हणून असेल, तिथे आल्यागेल्याला कोकम. तुझी आजी पिकलेल्या रातांब्यांच्या वाट्या करते, त्यात साखर भरते, बरणीला फडकं बांधून उन्हात ठेवते. काही दिवसांत तो गडद लाल रस सुटतो. काल मी दिलेलं सरबत त्याच बाटलीतलं होतं. एक भाग रस, चार भाग पाणी, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. (सोलकढीत घालतात ते आगळ वेगळं, त्यात साखर नसते, मीठ असतं. मागच्या वेळी तू दोन्ही बाटल्यांत गफलत केली होतीस.)

आता ‘नको’चं. पाहुणा म्हणून कुणाकडे गेल्यावर पहिल्या खेपेला ‘हो’ म्हणणं आपल्यात जरा अवघड वाटतं. कारण त्या ‘हो’ने घरातल्या बाईला उठून चुलीपाशी जावं लागतं. दूध असेल नसेल, साखर असेल नसेल, महिनाअखेर असेल. म्हणून पाहुणा आधी ‘नको’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘मला नको आहे’ असा नसतो, ‘माझ्यासाठी उठू नका’ असा असतो. मग घरातलं माणूस म्हणतं, ‘अहो, मी टाकतच होते.’ म्हणजे, तुमच्यासाठी मुद्दाम नाही, घरात होणारच होता. आता पाहुण्याच्या मनावरचं ओझं उतरतं. तो म्हणतो, ‘बरं, अर्धा कप.’ या तीन वाक्यांत कुणालाच काही मागावं लागलं नाही. मला ही फार नाजूक रीत वाटते. तहानेल्याला तहान लागलीय असं तोंडानं म्हणायला लागू नये, ते घराला कळावं, अशी ती आहे. काका गेली अठरा वर्षं दारात ‘नको’ म्हणतायत आणि गेली अठरा वर्षं चहा घेतायत. आईनं काल त्यांचा पहिला ‘नको’ खरा मानला असता, तर ते काही न बोलता बसले असते, आणि घरी जाताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं.

पण तो एसीवाला म्हणजे काही काका नव्हे. त्याच्या भाषेत पहिला नकार हाच पूर्ण नकार असतो. तिथे तुझं बरोबर होतं. मी सरबत घेऊन गेलो तेव्हा तो हसला, घेतलंही, पण हातातलं काम सोडून उठावं लागलं त्याला. मी पाणी त्याच्या शेजारी सावलीत ठेवून आत यायला हवं होतं. हवं तर प्यायला असता. हे मी तुझ्याकडून शिकलो, चिऊ, मनापासून सांगतो.

आणि हेही लक्षात ठेव की दुसऱ्यांदा विचारायची ही मुभा फक्त चहापाण्याची आहे, ताटातल्या एका पोळीची आहे. बाकी कुठल्याही बाबतीत तू नको म्हणालीस तर ते तिथेच संपलं. तुला कुणी दुसऱ्यांदा विचारू नये आणि तूही कुणाला विचारू नयेस. ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून कुणी पुढे आलं, तर तो माणूस रीत सांगत नाहीये.

इथपर्यंत लिहून मी पत्र संपवणार होतो. पण मग अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं. तुझ्या पणजीबद्दल आत्ता जे सांगितलं ते खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

आमच्या शेतावर एक मावशी खुरपायला यायच्या. त्या आणि त्यांच्या घरची माणसं आमच्या ओट्यावर चढत नसत. खाली उभं राहून त्या ओंजळ पुढे करायच्या आणि माझी आजी वरून तांब्यानं धार धरायची. पाणी मिळायचं, भांडं मिळायचं नाही. चहा मिळायचा, पण त्यांची कपबशी निराळी. ती घरात नसायची, बाहेर छपराच्या वळचणीला खोचलेली असायची. कान तुटलेला, निळ्या फुलांचा कप होता. चहा झाला की त्या स्वतःच तो काढायच्या, माझी आई वरून ओतायची, पिऊन झाल्यावर त्या तो विसळून परत खोचून ठेवायच्या. मी आठनऊ वर्षांचा होतो. हे मी रोज बघत होतो आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. म्हणजे बघ, दुष्काळात वाटसरूला घागरीतलं शेवटचं पाणी देणारी बाई, तिच्याच शेतात राबणाऱ्या बाईला भांडं देत नव्हती. दोन्ही करणारी एकच बाई, आणि तिच्यावर माझा अजूनही जीव आहे.

मीही विचारलं होतं, त्यांचा कप बाहेर का? उत्तर आलं, ‘आपल्यात असंच असतं.’ म्हणून काल रात्री तेच शब्द माझ्या तोंडून तुझ्यासाठी निघाले तेव्हा मला झोप लागली नाही.

ही फक्त आमच्या गावची गोष्ट नव्हे. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आपल्या घराच्या आवारातलं पाणी, तेही त्या काळी. १९२७ च्या मार्चमध्ये, २० तारखेला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं. ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनं तीन वर्षं आधीच केला होता, पण कागदावर. पाणी प्यायल्यावर त्या माणसांना मारहाण झाली, मग खटला चालला, आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. पुढच्या वेळी भारतात गेलो की आपण महाडला जाऊ. मुंबईहून मालवणला जायच्या वाटेवरच आहे, आणि इतक्या वेळा त्या रस्त्यानं जाऊनही मी तुला तिथे उतरवलं नाही.

आमच्या घरात ते माझ्या आईनं थांबवलं. भाषण नाही, भांडण नाही. एका सकाळी तिनं वळचणीचा तो कप काढला, राखेनं लखलखीत घासला आणि आतल्या मांडणीत बाकीच्या कपांच्या रांगेत पालथा घातला. दुपारी मावशी आल्या, वळचणीला हात घातला, हात रिकामा आला. आई आतून म्हणाली, ‘वर या, चहा टाकलाय.’ त्या लगेच आल्या नाहीत. आईनं दुसऱ्यांदा विचारलं. मग त्या ओट्याच्या कडेला, पाय खाली सोडून टेकल्या, आणि आईनं घरातला, कान असलेला कप त्यांच्या हातात दिला. आजी दोन दिवस कपातून चहाच प्यायली नाही, आपल्या फुलपात्रातून प्यायली. तिसऱ्या दिवशी तिनं मांडणीतून कप घेतला. निळ्या फुलांचाच तिच्या हाताला लागला. कुणीच काही बोललं नाही, आणि मी श्वास धरून बघत होतो.

त्या दिवशी आईनं दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर? मी दोनदा विचारतो ते बहुतेक तिथून आलंय.

आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा पितळी तांब्या त्याच घरातला, ओंजळीत धार धरली जायची तोच. माझी आई तो मला देत होती तेव्हा मी नको म्हणालो होतो, बॅगेत जागा नाही म्हणून. तिनं परत विचारलं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो एसीवाला असो, टपालवाली असो की काका, मी त्याच तांब्यातून पाणी देतो आणि आपण पितो त्याच ग्लासात.

आज तुझी मैत्रीण अकराला येणार आहे ना? ताक घुसळून ठेवलंय, फ्रीजच्या खालच्या खणात स्टीलच्या भांड्यात. तिच्यासाठी मिरची घातलेली नाही, नुसतं मीठ आणि थोडी जिरेपूड. कैरीचं पन्हंही आहे, आईनं काल गूळ-वेलची घालून गर करून ठेवलाय, एका ग्लासला दोन चमचे घे. पाणी आधी दे. बाकीचं तिला विचारून.

आई उठली वाटतं, आधणाचा आवाज येतोय.

तुझा
बाबा