गणपतीत हवामानबदलावर हसवायचं असेल तर

मंडळाच्या स्टेजवर 3 मिनिटं मिळाली की विषय एकच घे. ध्रुवावरचं अस्वल नको, घरातला पंखा घे. "रिकाम्या खोलीत पंखा चालू. वारा कुणाला? पालीला!" पाल शेवटीच यायला हवी, आधी सांगितलीस किंवा पुढे बोलत राहिलास की हशा विरतो. हसू सवयीवर काढ, माणसावर नाही. पहिल्या रांगेतल्या काकूंना बोट दाखवलंस तर सगळी रांग गप्प होते.

हशा ओसरताच आकडा दे: 75 वॅटचा पंखा रोज 4 तास फुकट फिरला तर महिन्याला 9 युनिट. तिकडे कर्नाटकातल्या रायचूरच्या वीजकेंद्रात विजेसाठी कोळसा जळतो, एवढं पुरे. व्याख्यान नको.

आणि 2019 च्या उत्तर कर्नाटकातल्या पुरावर विनोद कधीच करू नकोस. मलप्रभा-घटप्रभा नद्यांकाठची, घरं गमावलेली माणसं समोर बसलेली असतात.