‘किशोरवयीन जन्मदर’ म्हणावं की ‘कुमारी मातांचं प्रमाण’?

एका वाचकाने विचारलं आहे की, ‘देशातील किशोरवयीन जन्मदर घटला’ हे बातमीतलं वाक्य बरोबर आहे का, आणि त्याऐवजी ‘कुमारी मातांचं प्रमाण घटलं’ असं सरळ मराठीत लिहिलेलं चालेल का?

दुसऱ्या पर्यायाचं आधी बोलते, कारण त्याने अर्थच फिरतो. मराठीत कुमारी माता म्हणजे लग्न न होता आई झालेली स्त्री. यवतमाळच्या झरी-जामणी भागातल्या कुमारी मातांबद्दल वर्तमानपत्रांत आजवर लिहून आलं, ते याच अर्थाने. त्या शब्दात वय कुठेच नाही. तिशीतली बाईही कुमारी माता असू शकते. भारतात विशीच्या आत आई होणाऱ्या बहुतेक सगळ्या मुलींचं मात्र लग्न झालेलं असतं. त्यांना कुमारी माता म्हटलं की नसता शिक्का त्यांच्या माथी बसतो आणि ज्या लग्नामुळे हे घडलं ते झाकलं जातं. हा प्रयोग कृपा करून कुणी करू नये.

‘अल्पवयीन माता’ हेही इथे बसत नाही. अल्पवयीन म्हणजे कायद्याने १८ पूर्ण न झालेली व्यक्ती. आकडेवारीतला गट १५ ते १९ वर्षांचा असतो आणि त्यातल्या मातांमध्ये १८-१९ वर्षांच्या मुली बऱ्याच असतात. त्या सज्ञान आहेत.

आता ‘जन्मदर’. जन्मदर मोजतात तो एकूण लोकसंख्येतल्या दर हजार माणसांमागे. ठरावीक वयाच्या दर हजार स्त्रियांमागे वर्षाला किती बाळं जन्मली, हे सांगायचं असेल तर शब्द आहे जननदर, किंवा प्रजननदर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटाचा हा दर १९९२-९३ मध्ये ११६ होता. २००५-०६ मध्ये तो ९०, २०१५-१६ मध्ये ५१ आणि २०१९-२१ मध्ये ४३ झाला. मधल्या दहा वर्षांतली घसरण सर्वांत मोठी. त्याच दहा वर्षांत, अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचं प्रमाण (२० ते २४ वयोगटात) ४७ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आलं. मुली शाळेत अधिक वर्षं टिकल्या, लग्न लांबलं, पहिलं बाळंतपणही लांबलं. त्यानंतरचा वेग मंदावलेला आहे, आणि त्रिपुरात तर विशीच्या आत आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचं प्रमाण २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात वाढलं, याची मला फार काळजी वाटते.

हे शेवटचं प्रमाण वेगळं माप आहे, ते शेकड्यात सांगतात: देशभरात २००५-०६ मध्ये १६ टक्के, २०१५-१६ मध्ये ८ आणि २०१९-२१ मध्ये ७ च्या आसपास. बातमीत ४३ आणि ७ हे आकडे एकाच नावाखाली आले की वाचक गोंधळणारच. पहिल्याला जननदर म्हणावं, दुसऱ्याला प्रमाण.

राहिला ‘किशोरवयीन’. जुन्या संस्कृत विभागणीत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पंधरापर्यंत कैशोर. आपण पौगंडावस्था हा शब्द बराच पुढे सरकवला आहे. शिवाय ‘टीनएज’ ही कल्पना इंग्रजी अंकांच्या शेपटावर उभी आहे. मराठीत अकरा ते अठरा एका ठेक्यात येतात आणि एकोणीस विसाकडे बघत मोजला जातो. पण सरकारी कार्यक्रमांनी किशोर-किशोरी हे शब्द १० ते १९ वयासाठी रुळवले आहेत, तेव्हा किशोरवयीन स्वीकारायला हरकत नाही. फक्त ते विशेषण दराला न लावता मुलींना लावावं.

म्हणून बातमीत ‘१५ ते १९ वयोगटातील मुलींचा जननदर घटला’ असं लिहावं. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘किशोरवयीन मातांचे प्रमाण घटले’, पण आकडा शेकड्यातला असेल तरच. गावात बोलताना यातलं काहीच नको. ‘कोवळ्या वयातलं बाळंतपण’ म्हटलं की सासूला, सुनेला आणि आशाताईंना एकाच वेळी कळतं.